अंधारातील वाट आणि आपत्कालीन दिवे



दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी दुपारचा खेळ चालू असता तळमजल्यावरील रोहित्रातून आग भडकली. धूर जिन्यावाटे वर चढला, वीज गेली. सज्जातील प्रेक्षकांना काळोखात दार सापडेना. आपत्कालीन दिवे नव्हते, आणि जादा खुर्च्यांपायी एका बाजूची वाटही बुजविलेली होती. ५९ माणसे दगावली.

आज तालुक्याच्या बाजारपेठेतही मजल्यावर मजले चढत आहेत. तेथील मालकाकडे या दिव्यांची चौकशी केली, की ‘जनरेटर आहे ना!’ असे उत्तर बहुधा मिळते. परंतु जनरेटर सुरू होण्यास काही क्षण जातात, आणि आग त्याच्याच खोलीत लागली तर तो सुरू होईलच असे नाही. म्हणून ज्याच्या अंगातच बॅटरी आहे, असा दिवा निवडणे श्रेयस्कर.

भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार असा दिवा किमान ९० मिनिटे जळला पाहिजे. लहानात लहान इमारतही यास अपवाद नाही. सुटकेच्या वाटेच्या मध्यावर, जमिनीलगत, किमान १० लक्स उजेड हवा. जिना, वाटेचे वळण, बाहेरचे दार व अग्निशामक साधने यांपाशी दिवे असावेत. दुकानाच्या पाटीवर सढळ हाताने खर्च करणारे येथेच हात आखडतात!

नवी असता जेमतेम ९० मिनिटे पुरणारी बॅटरी काही वर्षांनी पुरणार नाही. तेव्हा क्षमता थोडी अधिकच घ्यावी. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले, की सुमारे निम्म्यावर येते. तापत्या पत्र्याखाली दिवा बसविणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

जोडणीतही एक मेख आहे. जिन्याचा नेहमीचा दिवा ज्या सर्किटवर असेल, त्याच सर्किटवर आपत्कालीन दिव्याची जोडणी असावी; म्हणजे केवळ तेवढाच फ्यूज उडाला तरी तो आपोआप लागेल. मध्ये चालू-बंद करावयाचे बटण मात्र नसावे.

चार्जिंगचा हिरवा ठिपका दिसतो, एवढ्यावरून बॅटरी शाबूत आहे असे मानू नये. महिन्यातून एकदा पुरवठा तोडून पाहावे, वर्षातून एकदा पूर्ण ९० मिनिटे. ही मोठी चाचणी साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री घ्यावी; रिकामी बॅटरी पुन्हा भरण्यास २४ तासांपर्यंत लागू शकतात, आणि तोवर इमारतीत गिऱ्हाईक नसलेले बरे.