उतरायचं एका गावात, चढायचं दुसऱ्या

श्रोतेहो, मला सात मिनिटं दिली आहेत आणि सांगायचं एकच आहे, तेव्हा प्रस्तावना करत बसत नाही. सुट्टीच्या दिवशी डोंगरात फिरायला निघालात की ज्या गावात उतराल, त्या गावात परत येऊ नका. एका गावात एसटीतून उतरा, डोंगर ओलांडा, पलीकडच्या गावात एसटीत बसा आणि घरी या. झालं माझं भाषण. उरलेल्या वेळात मी हेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण आमच्या सोसायटीतल्या मंडळींना कितीही वेळा सांगितलं तरी ते पटत नाही. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "अहो, पण गाडी खाली लावलीय ना!"

तीच तर सगळी अडचण आहे. खाली लावलेली गाडी म्हणजे खुंटा. माळावर गाय दाव्याने बांधली की दावं पुरेल तेवढ्या टापूतच ती चरते, गोल गोल फिरते. पलीकडे कितीही हिरवं असो, मान लांब करून नुसतं बघायचं. आमची ही मंडळी गडावर जातात, तटावरून पलीकडची खोरी बघतात, "वा!" म्हणतात, आणि दुपारचे दोन वाजले की दाव्याला हिसका बसतो. चला, गाडीपाशी चला. शिवाय खुंट्याभोवतीचं गवत सगळ्यात आधी संपतं, हे गुरं पाळणाऱ्या कुणालाही विचारा. रविवारी सकाळी सिंहगडावरच्या गाडीतळापाशी उभे राहिलात, तर मला विचारायचीही गरज पडणार नाही.

एसटीचं तसं नाही. ती तुम्हाला सोडते आणि निघून जाते. लोक याला गैरसोय म्हणतात, मी मोकळीक म्हणते. सकाळी एका अंगाने रानात सोडलेली गुरं संध्याकाळी दुसऱ्या अंगाला गोळा करायची, असा हा प्रकार आहे. आता कंडक्टरला गुराखी म्हटलं तर तो रागवेल, म्हणून हे इथेच सोडते.

उदाहरण घेऊ नाणेघाटाचं. पुण्याहून जुन्नरला जायचं, तिथे गाडी बदलायची आणि घाटघरच्या गाडीत बसायचं. घाटघरला उतरलात की समोर जीवधन, त्याच्या कडेला वानरलिंगीचा सुळका. रमतगमत घाटमाथ्यावर जायचं. तिथे तो दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. दोन कातळांच्या मधून खिंड खाली उतरते आणि थोडं खाली गेलं की लेणं लागतं. लेण्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून गाई किती दिल्या, कार्षापण किती दिले, हे सगळं आकड्यांनिशी कोरलंय. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या. वर कोरलेली नावं राहिली आणि खाली पावलांच्या खुणा राहिल्या. हात न लावता, जवळ जाऊन बघा.

आता डांबरी रस्ता थेट माथ्यापर्यंत गेलाय, म्हणून गाडीवाले तिथवर येतात. रांजणाशी फोटो, खिंडीतला वारा, फार तर लेण्यापर्यंत जातात, आणि आल्या वाटेने जुन्नरला परत! अहो, जुन्नरच्या व्यापाऱ्याला कल्याणच्या बंदरात माल उतरवायचा होता. त्यासाठी ही वाट कातळात फोडली. जकात भरायची आणि मग मागे फिरायचं, असं करणारा व्यापारी तुम्ही कधी ऐकलाय का? घाट हा ओलांडायचा असतो. कातळातल्या पायऱ्यांनी खाली उतरा, पुढे झाडीतून चालत राहा. बेताने चाललात तर तीनेक तासांत कल्याण–माळशेज रस्त्याला लागाल. तिथून एसटी.

ज्यांनी रेडिओ आत्ताच लावला त्यांच्यासाठी पुन्हा सांगते. उतरायचं एका गावात, चढायचं दुसऱ्या.

असाच भीमाशंकर. कर्जतहून खांडसला जायचं, गणेश घाटाने वर चढायचं, दर्शन घ्यायचं आणि वरून मंचरमार्गे पुण्याच्या गाडीत बसायचं. कोकणात सुरू झालेला दिवस देशावर संपतो. शिडी घाट मात्र नवख्यांनी धरू नये, तिथल्या शिड्यांवर पाय लटपटतात. किंवा राजगड घ्या. गुंजवण्याहून चोर दरवाजाने चढा आणि पाली दरवाजाने वाजेघरच्या बाजूला उतरा. पालीची वाट रुंद, पायऱ्यांची, खुद्द राजांच्या वापरातली. ती सोडून लोक पुन्हा चोर दरवाजाच्याच उभ्या उतारावर गुडघे झिजवतात, का? तर गाडी गुंजवण्यात लावलीय. खुंटा!

आता तुमची भीती. परतीची एसटी मिळाली नाही तर? ही भीती रास्त आहे आणि तिच्यावरचा इलाजही साधा आहे. पलीकडच्या गावातून शेवटची गाडी किती वाजता निघते, हे निघण्याआधी विचारायचं. मोबाइलला नाही, स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत विचारायचं. पलीकडचं गाव दुसऱ्या आगाराखाली येत असेल तर इथला कंट्रोलर "मला नाही सांगता येणार" म्हणेल, आणि ते खरंच असतं. मग गावात उतरल्यावर दुकानदाराला विचारा, शाळेच्या शिक्षकांना विचारा. आणि विचारताना "गाडी कधी आहे?" एवढंच विचारू नका. "आज आहे का?" असं विचारा.

हे "आज" महत्त्वाचं आहे. आडगावची संध्याकाळची गाडी बहुतेक वेळा शाळा-कॉलेजच्या मुलांच्या वेळेला बांधलेली असते. रविवारी शाळा नाही, मग पुष्कळ ठिकाणी ती फेरीही नाही. आणि आपण शहरातले लोक नेमके रविवारीच जाणार! शक्य असेल तर शनिवारी निघा. आठवडी बाजाराचा वार साधलात तर फारच उत्तम, त्या दिवशी गाडीत भाजीच्या पाट्या, कोंबड्या आणि बोलायला माणसं असतात.

दुसरी गंमत मुक्कामी गाडीची. तिन्हीसांजेला गावात लाल डबा शिरताना दिसला की शहरी पाहुणे सॅक सावरत धावत सुटतात. ड्रायव्हर उतरतो, कंडक्टर तिकिटाचं मशीन पेटीत ठेवतो, पारावर गप्पा सुरू होतात. पाहुणे आपले सीटवर बसून! अहो, ती वस्तीची गाडी आहे, ती पहाटेच हलणार. तेव्हा पाटी वाचून खूश होण्याआधी कंडक्टरला विचारा, "मुक्कामी का?" त्या एका प्रश्नावर तो तुम्हाला शहाणं समजेल. मुक्कामीच निघाली तर गावातच राहायची सोय विचारा, पहाटे गाडी दारातून सुटतेच.

तिकिटाचं काय म्हणाल, तर बायकांना अर्धं आहे, पासष्टच्या पुढच्यांनाही अर्धं आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत फुकट. माझ्या वयाच्या मैत्रिणींना मी म्हणते, आता घरी बसायला कारण सांगा पाहू. एक करा, सुट्टे पैसे मात्र जवळ ठेवा. आणि आणखी एक. आडगावच्या फेरीत माणसं नसली की ती फेरी धोक्यात येते. आपण चार-सहा जण नेमाने बसलो तर तिथल्या शाळेच्या पोरींचीही... जाऊ दे, हा वेगळाच विषय निघाला.

काचेपलीकडून खूण होतेय, म्हणजे एकच मिनिट राहिलं. कोकणातल्या खाड्यांचं सांगायचं होतं, एसटीने जायचं, तरीतून पलीकडे उतरायचं, तिथून पुढे किनाऱ्याने... ते आता राहिलं. पावसाळ्यात नाणेघाटाच्या पायऱ्या शेवाळतात, तेव्हा दिवाळीनंतर जा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला अंधारून येतं, दुपारी एकनंतर घाट उतरायला सुरुवात करू नका. पाणी वरूनच भरून घ्या.

आणि हे नीट ऐका, पुष्कळजण इथेच चुकतात. नाणेघाट उतरून डांबरी रस्त्याला लागलात की कल्याणला जाणाऱ्यांनी रस्ता ओलांडायचा नाही, त्यांची गाडी त्याच बाजूने येते. पुण्याला परतणाऱ्यांनी रस्ता ओलांडून पलीकडे उभं राहायचं, माळशेजमार्गे आळेफाट्याला जाणारी गाडी धरायची आणि आळेफाट्याला पुण्याची. वळणावर उभे राहू नका, ड्रायव्हरला लांबून दिसाल असं सरळ रस्त्यावर थांबा आणि हात चांगला वर करून दाखवा.