बारा शब्द आणि एक आकडा



क्रिप्टोचं वॉलेट मोबाइलवर पहिल्यांदा उघडलं की पडद्यावर बारा इंग्रजी शब्द येतात. सोबत सूचना असते, की हे शब्द कागदावर उतरवून घ्या आणि कोणाला दाखवू नका. बरेच जण घाईघाईने स्क्रीनशॉट काढतात आणि पुढे सरकतात. त्यांना वाटतं, असेल एखादा लांबलचक पासवर्ड. पण पासवर्ड म्हटला की तो तपासणारं कोणीतरी असतं. बँकेचा असेल तर बँकेचा सर्व्हर, ईमेलचा असेल तर ती कंपनी. विसरलात तर ओटीपी येतो, फार तर शाखेत जाऊन अर्ज द्यावा लागतो. हे बारा शब्द तपासणारं जगात कोणीच नाही. ते शब्द म्हणजे एक भलामोठा आकडा आहे, आणि तुमच्या सगळ्या किल्ल्या, सगळे पत्ते त्या आकड्यातून गणिताने निघतात. ते गणित आज पाहायचं आहे. क्रिप्टोत पैसे घालावेत की नाही, हा प्रश्न मी आज बाजूला ठेवतो.

हा आकडा येतो कुठून? क्षणभर मोबाइल विसरा आणि हातात रुपयाचं नाणं घ्या. छापा पडला तर एक लिहा, काटा पडला तर शून्य. अकरा वेळा नाणं उडवलंत की एक-शून्यांची अकरा अंकी ओळ तयार होते. अशा वेगवेगळ्या ओळी किती होतील? दोनाचा अकरावा घात, म्हणजे २०४८. आणि वॉलेटं ज्या यादीतून शब्द उचलतात, त्या यादीत नेमके २०४८ शब्द आहेत. पहिला ‘अबँडन’, शेवटचा ‘झू’. म्हणजे अकरा वेळा नाणं उडवलं की एक शब्द. यादी बेतताना एक शहाणपण केलं आहे. कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी येत नाहीत. त्यामुळे काही जण कागदावर विश्वास न ठेवता स्टीलच्या पट्टीवर चार-चार अक्षरंच कोरून ठेवतात.

बारा शब्द म्हणजे बारा गुणिले अकरा, १३२ अंक. नाणं मात्र १२८ वेळाच उडवायचं. शेवटचे चार अंक तुमच्या हातात नसतात, ते हिशेबाने ठरतात. कसे, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, १२८ च्या १२८ वेळा काटाच पडला. सगळी शून्यं. पहिले अकरा शब्द यादीतला पहिलाच शब्द, ‘अबँडन’. अकरा वेळा तोच. त्यात १२१ शून्यं संपली, सात उरली. आता त्या संपूर्ण १२८ शून्यांवर एसएचए-२५६ नावाची प्रक्रिया चालवायची. तिच्या उत्तराचे पहिले चार अंक येतात शून्य, शून्य, एक, एक. ते सात शून्यांच्या मागे जोडले की ओळीची किंमत होते तीन. यादीत शून्यापासून मोजत जायचं: अबँडन, ॲबिलिटी, एबल, अबाउट. म्हणजे बारावा शब्द ‘अबाउट’. अकरा वेळा अबँडन आणि एकदा अबाउट, हा संच जगभरचे प्रोग्रामर आपापलं सॉफ्टवेअर तपासायला वापरतात. त्याच्या किल्ल्या सगळ्यांना ठाऊक आहेत, तेव्हा त्या पत्त्यावर पैसे टाकलेत तर ते कोणीही उचलून नेईल.

या शेवटच्या चार अंकांचा उपयोग एवढाच, की उतरवताना एखादा शब्द चुकला तर वॉलेट बहुधा हरकत घेतं. बहुधा म्हणतो, कारण बारा शब्दांच्या संचात सोळातली एक चूक निसटू शकते. चोवीस शब्दांच्या संचात तपासणीसाठी आठ अंक असतात, तिथे २५६ मधली एखादीच निसटते.

ही पद्धत २०१३ सालची. प्रागमध्ये ‘ट्रेझर’ हे हार्डवेअर वॉलेट उभं करणारे मारेक पालाटिनुस आणि पावोल रुस्नाक, आणि आणखी दोघं, यांनी ती मांडली. बिटकॉइनच्या जगात अशा प्रस्तावांना ‘बिप’ म्हणतात, हा बिप-३९. त्याआधी काय होतं? बिटकॉइनचा मूळ प्रोग्राम शंभर किल्ल्या आधीच करून एका फाइलमध्ये ठेवायचा. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसे. वापरून संपल्या की नव्या तयार व्हायच्या, आणि त्या जुन्या बॅकअपमध्ये नसायच्या. बॅकअप सतत घेत राहायला हवा, आणि माणसं तो घेत नाहीत, हे सांगायला नको. वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरात २०१३ मध्येच एका गृहस्थाची हार्ड डिस्क कचऱ्यात गेली. तिच्यात हजारो बिटकॉइनची किल्ली होती. डेपो खणू द्या म्हणून तो पुढे कितीतरी वर्षं नगरपालिकेशी भांडत होता. किल्ली बारा शब्दांत कागदावर असती, तर डिस्क गेली म्हणून काही बिघडलं नसतं.

आता शब्दांपासून पुढे. या शब्दांची अक्षरं पीबीकेडीएफ-२ नावाच्या प्रक्रियेत घालतात आणि ती २०४८ वेळा फिरवतात. बाहेर ५१२ अंकांची एक ओळ पडते, तिला ‘सीड’ म्हणतात. पिठातून गहू परत मिळत नाहीत, तसे सीडवरून शब्द परत काढता येत नाहीत. इतक्या वेळा फिरवायचं कारण साधं आहे. तुमच्या मोबाइलला एकदा गणित करायला काही वाटत नाही, पण कोट्यवधी अंदाज तपासणाऱ्या चोराला प्रत्येक अंदाजामागे तेवढीच मेहनत पडते.

इथे शब्दांचा अर्थ कोणी पाहत नाही, फक्त अक्षरं पाहतात. म्हणून सुरक्षित राहावं या हेतूने त्यांचं मराठी करून वहीत लिहिलंत, तर ती वही निरुपयोगी. ‘एबल’चं मराठी ‘समर्थ’ लिहिलंत, पण पाच वर्षांनी त्याचं इंग्रजी पुन्हा ‘एबल’च आठवेल कशावरून? जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन अशा भाषांच्या अधिकृत याद्या आहेत. मराठी किंवा हिंदीची नाही.

याच पायरीवर आपला स्वतःचा आणखी एक शब्द मिसळायची सोय असते. त्याला पासफ्रेज म्हणतात. आणि इथे सुरुवातीला सांगितलेली गोष्ट फार लख्ख दिसते. समजा, पासफ्रेज टाकताना एक अक्षर चुकलं. वॉलेट ‘चूक’ म्हणणारच नाही. ते मुकाट्याने वेगळं सीड काढेल, वेगळ्या किल्ल्या, वेगळे पत्ते, आणि शिल्लक शून्य दाखवेल. गणिताच्या दृष्टीने तेही पूर्ण वैध वॉलेट आहे, फक्त तुमचं नाही. जाणकार लोक पासफ्रेजची फार शिफारस करतात. माझं मत विचाराल तर साध्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये. चोराने लुटण्याआधी विसरभोळेपणाच लुटेल.

सीडपासून किल्ल्या कशा निघतात, ते २०१२ मध्ये पीटर वुइल या प्रोग्रामरने बिप-३२ मध्ये मांडलं. सीडवर आणखी एक प्रक्रिया होते आणि तिच्या उत्तराचे दोन समान भाग करतात. एक भाग मुख्य प्रायव्हेट की, म्हणजे मुख्य गुप्त किल्ली, दुसरा चेन कोड. गंमत म्हणजे या प्रक्रियेत ‘बिटकॉइन सीड’ ही अक्षरं जशीच्या तशी घालतात, आणि इथेरियमची वॉलेटंही तीच घालतात. मग मुख्य की, चेन कोड आणि एक क्रमांक एकत्र केले की पोटकिल्ली मिळते. तिच्यापासून आणखी पोटकिल्ली. क्रमांक तोच दिला तर किल्ली तीच येणार, आज करा नाहीतर दहा वर्षांनी दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये करा.

कुठल्या क्रमांकांनी किती खाली उतरायचं, याला ‘पाथ’ म्हणतात. बिटकॉइनच्या जुन्या पद्धतीच्या पहिल्या पत्त्याचा पाथ चव्वेचाळीस, शून्य, शून्य, शून्य, शून्य असा वाचतात. चव्वेचाळीस हा पद्धतीचा क्रमांक. पुढचं शून्य म्हणजे बिटकॉइन. तिथे साठ घातले की इथेरियम. मग खात्याचा क्रमांक. मग पत्ता पैसे घ्यायचा की सुटे परत घ्यायचा, ते. आणि शेवटी पत्त्याचा अनुक्रमांक. सुरुवातीला चव्वेचाळीसऐवजी चौऱ्याऐंशी घातले तर त्याच बारा शब्दांतून बीसी-वनने सुरू होणारे नव्या धाटणीचे पत्ते निघतात.

मोबाइल बदलल्यावर नव्या वॉलेटमध्ये शब्द घालतात, शिल्लक शून्य दिसते आणि घरात आकांत होतो. पुष्कळदा पैसे जागेवरच असतात. जुनं वॉलेट चौऱ्याऐंशीच्या पाथवर चालत होतं, नवं चव्वेचाळीसच्या पाथवर शोधतंय, एवढंच. आणखी एक. शोधताना वॉलेटं साधारणपणे ओळीने वीस पत्ते रिकामे लागले की थांबतात. तुम्ही मध्येच पंचवीस पत्ते न वापरता सोडले असतील, तर पुढचे पैसे दिसत नाहीत. सेटिंगमध्ये पाथ किंवा ती मर्यादा बदलली की दिसतात.

प्रायव्हेट की हाती आली की पत्त्यापर्यंतचा रस्ता छोटा आहे. एका ठरलेल्या वक्ररेषेवर एक ठरलेला बिंदू असतो. त्या बिंदूला प्रायव्हेट कीच्या आकड्याने गुणलं की दुसरा बिंदू मिळतो, ती पब्लिक की. उलट दिशेने भागाकार करायची व्यवहार्य रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही. पब्लिक कीवर बिटकॉइनमध्ये दोन प्रक्रिया चालवून ती १६० अंकांपर्यंत आखडतात आणि पत्ता म्हणून लिहितात. एकने सुरू होणाऱ्या जुन्या पत्त्यांत शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि छोटा एल वापरत नाहीत, कारण हाताने उतरवताना ते एकमेकांसारखे दिसतात. इथेरियममध्ये वेगळी प्रक्रिया असते. तिच्या उत्तराचा शेवटचा १६० अंकांचा तुकडा घेतात आणि पुढे झीरो-एक्स लावतात.

या सगळ्यात इंटरनेट कुठेही लागलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पत्त्याची नोंद कुठल्या कचेरीत होत नाही. मग दोघांचे शब्द सारखे निघाले तर? दोनाचा १२८ वा घात ही ३९ अंकी संख्या आहे. नाणं खरोखर नाण्यासारखं पडत असेल, तर ही काळजी सोडून द्या.

मात्र नाणं खरं असायला हवं. २०२३ मध्ये ‘मिल्क सॅड’ नावाचं प्रकरण उजेडात आलं. लिबबिटकॉइन या सॉफ्टवेअरच्या एका साधनाची एक आज्ञा सीडसाठी आकडा निवडताना संगणकाच्या घड्याळावर विसंबत होती. दिसायला आकडा लांबलचक, पण शक्यता सगळ्या मिळून दोनाचा ३२ वा घात, सुमारे ४२९ कोटी. संगणकाच्या दृष्टीने हा किरकोळ आकडा. चोरांनी त्या सगळ्या शक्यता तपासून काढल्या आणि नऊ लाख डॉलरांहून अधिक रक्कम पळवली. घड्याळ शून्यावर असताना निघणारे शब्द ‘मिल्क सॅड’ने सुरू होतात, त्यावरून हे नाव पडलं. ज्यांचे पैसे गेले त्यांनी कागद नीट जपला होता की नाही, याचा इथे संबंधच आला नाही. आवडत्या गाण्यातले किंवा मुलांच्या नावांवरून सुचलेले शब्द स्वतः निवडू नयेत, त्याचंही कारण हेच. माणसाचं डोकं नाण्यासारखं चालत नाही.

आपल्याकडे अनेकांचं क्रिप्टो एक्स्चेंजवर असतं. तिथे हे शब्द तुमच्याकडे नसतातच, किल्ल्या एक्स्चेंजकडे असतात. जुलै २०२४ मध्ये ‘वझीरएक्स’ या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरांचं क्रिप्टो चोरीला गेलं आणि ग्राहकांची रक्कम अडकून पडली. त्यानंतर स्वतःच्या वॉलेटकडे वळणारे वाढले असतील, तर नवल नाही. पण तिथे वारसदाराचा रकाना नसतो. बारा शब्द कुठे आहेत हे घरातल्या एका विश्वासू माणसाला ठाऊक नसेल, तर तुमच्या मागे ते पैसे कोणालाच मिळणार नाहीत. नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून तीस टक्के कर आहेच, वॉलेट कुठलंही असो.

शेवटी कामाचं सांगतो. वॉलेट कंपनीचा माणूस म्हणून कोणी फोनवर किंवा टेलिग्रामवर बारा शब्द मागितले, तर तो चोर आहे. या नियमाला अपवाद नाही. आणि शब्द एकदा दुसऱ्याच्या हाती गेले की ते पासवर्डासारखे बदलता येत नाहीत. तशी वेळ आली तर नवं वॉलेट काढा, नवे बारा शब्द घ्या आणि जुन्यातली सगळी शिल्लक लगेच त्या नव्या पत्त्यावर पाठवा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार त्यानंतर करा.