पत्त्याची किल्ली कोणाच्या हाती?



मारुतीच्या देवळामागे, चिंचेच्या झाडाजवळ, एवढ्या पत्त्यावर गावचा पोस्टमन पत्र बिनचूक पोहोचवतो. रात्री दोन वाजता तालुक्याहून निघालेल्या रुग्णवाहिकेच्या चालकाला मात्र ना ते देऊळ ठाऊक असते, ना ती चिंच.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे सरकारी अधिकारी, आणि संस्कृतचे व्यासंगी कवी! त्यांचे सहा आकडे पत्र योग्य टपाल कचेरीपर्यंत नेतात. दारापर्यंतचे काम पोस्टमनच्या ओळखीवर सोपवलेले आहे.

ही उणीव हेरून लंडनच्या ‘व्हॉट थ्री वर्ड्‌स’ या २०१३ साली स्थापन झालेल्या कंपनीने साऱ्या पृथ्वीचे तीन मीटरचे चौकोन पाडले व प्रत्येकाला तीन शब्द दिले; मराठीतही दिले. कल्पना मोहक खरी, पण किल्ली कंपनीच्या खिशात. शेजारच्या दोन चौकोनांच्या शब्दांत काहीच नाते नसल्याने त्या किल्लीवाचून अंदाजही बांधता येत नाही. या पद्धतीची मुक्त नक्कल इतरांना देऊ करणाऱ्या एका अमेरिकी संगणक-सुरक्षा अभ्यासकाला २०२१ मध्ये वकिलाचे पत्र आले. स्वतःच्या घराचा ठावठिकाणा सांगायला परक्याची अनुज्ञा लागावी, हे अजबच.

मुक्त पर्याय आहेत. २००८ चा ‘जिओहॅश’ सर्वांसाठी खुला आहे. गूगलसारख्या कंपनीनेही आपल्या ‘प्लस कोड’ची रीत मुक्त परवान्याखाली खुली केली.

भारतीय टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि ‘इस्रो’चे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साह्याने सिद्ध केलेला ‘डिजिपिन’ २०२५ मध्ये आला. त्याचे गणित शाळकरी मुलालाही उमगेल. देश सामावणाऱ्या मोठ्या चौकोनाचे सोळा भाग करायचे, त्यातील एकाचे पुन्हा सोळा; असे दहा वेळा. प्रत्येक वेळी एक चिन्ह मिळते आणि दहाव्या चिन्हाला सुमारे चार मीटरचा चौकोन हाती येतो. संहिता खुली आहे. अक्षांश-रेखांश हाती असले, तर इंटरनेटवाचूनही हिशेब होतो. त्यात घरमालकाचे नावगाव नसते, केवळ जागा असते. पिनकोडही चालूच राहतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. चिन्हे रोमन आहेत, आणि त्यातील सी, पी, टी ही अक्षरे फोनवर सारखीच ऐकू येतात; घाबरलेल्या माणसाच्या तोंडून तर अधिकच. शिवाय दहा मजली इमारतीत एकावर एक असलेल्या दहाही घरांना एकच डिजिपिन येतो. तेथे मजला आणि दाराचा क्रमांक सांगावाच लागेल.