कालव्याच्या शेवटच्या टोकाकडून

वैनगंगेच्या काठी, पवनीत, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचे स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत. माणसाचा स्वार्थ आणि सत्तेचा कारभार हा परिषदेचा विषय. त्याची उदाहरणे शोधायला पाहुण्यांना तालुक्याबाहेर जावे लागणार नाही.

इथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत. पुण्य लाभावे, नाव राहावे, ही ज्याची त्याची इच्छा. उभा राहिला तो सगळ्यांचा स्तूप.

पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘मामा तलाव’, असेच हिशेबातून जन्मले. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन दिली आणि कोहळी समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही नवा तलाव बांधणाऱ्याला पाच वर्षांची करमाफी आहे. पाळ फुटली तर मालगुजाराचेच धान जाई, म्हणून तो डागडुजी टाळत नसे. ही व्यवस्था न्यायाची नव्हती. सारा वसूल करणाराच गावाचा धनी होता, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी मोडली हे योग्यच झाले. पण तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढण्याची निकड कुणालाच उरली नाही. सरकारने पाणीपट्टी मागितली. हक्काने पाणी घेत आलेल्यांनी ती नाकारली. वसुली नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून वसुली नाही. आपापल्या जागी प्रत्येकाचे गणित बरोबर होते आणि तलाव उथळ होत गेले.

मग गोसीखुर्द. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींनी या धरणाचे भूमिपूजन केले. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा आणि ओलिताचे स्वप्न अडीच लाख हेक्टरांचे. २०१६ मध्ये सुधारित खर्च १८,४९४ कोटींवर गेला, तरी पाटसऱ्यांची कामे शिल्लकच होती. राज्यभरातल्या सिंचनाचा वाद २०१२ मध्ये पेटला, चितळे समिती नेमली गेली, चौकशा झाल्या. दोष कुणाचा, हे ठरवण्याची ही जागा नाही. विचारायचे ते एवढेच की एवढा उशीर इतकी वर्षे परवडला कसा?

जेम्स ब्यूकॅनन आणि गॉर्डन टलॉक यांनी १९६२ च्या ग्रंथात सांगितले की बाजारात स्वतःचा लाभ पाहणारा माणूस सरकारी खुर्चीत बसला म्हणून वेगळा होत नाही. नव्या कामाच्या नारळाला फोटो असतो, निविदेत पैसा असतो. शेवटच्या पाटसरीच्या दुरुस्तीत यातले काहीच नसते. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये त्यात भर घातली: मोजक्यांचा मोठा लाभ लवकर संघटित होतो, पुष्कळांचे थोडथोडे नुकसान विखुरलेलेच राहते. बुडीत गावांचे प्रकल्पग्रस्त एकत्र आले, धरणावर बसले, तेव्हा २०१३ मध्ये विशेष पुनर्वसन पॅकेज निघाले. कालव्याच्या टोकावरचा शेतकरी मात्र एकटाच आभाळाकडे बघत राहिला.

नदीची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. तेच पाणी धरणात साठते आणि खाली पवनीकडे येते. त्या शहराचा नगरसेवक पवनीकर निवडत नाही. घाण सोडणाऱ्याचे मत एका मतदारसंघात आणि ती सोसणाऱ्याचे दुसऱ्यात असेल, तर शुद्धीकरणाला घाई कोण करणार? मते घाटावर मोजली असती तर हे काम केव्हाच झाले असते, असे समितीला वाटते.

तरी स्वार्थ म्हटला की सगळे संपले, असेही नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे नोबेल मिळाले ते वापरणारे लोक स्वतः नियम करून सामायिक साधने जपू शकतात, हे दाखवल्याबद्दल. भंडारा-गोंदियात काही तलावांवर ढीवर बायाबापड्यांनी गाळ आणि बेशरमची झुडपे काढून देशी पाणवनस्पती लावल्या, कारण मासळी वाढली तर त्यांचीच चूल पेटते.

दुपारच्या सत्रानंतर पाहुण्यांना धरणाच्या भिंतीवर नेण्याची व्यवस्था आहे. समितीची विनंती आहे की तिथून परतताना गाड्या एखाद्या पाटसरीच्या शेवटाशी थांबवाव्यात आणि तिथल्या शेतकऱ्याला यंदा पाणी कोणत्या तारखेला आले ते विचारावे.