श्रावण पाळायचा, व्यायाम का सोडायचा?



आपल्यापैकी बऱ्याच घरांत श्रावण लागला की अंडी-मटण बंद होतं, ते थेट अनंत चतुर्दशीपर्यंत. आणि कोसाड-अमरोलीकडची आपली मुलं त्याच दीड महिन्यात जिमही बंद करतात. विचारलं तर म्हणतात, "खायलाच नाही, तर वजन उचलून काय करू?" हे कारण खरं नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे.

स्नायू वाढतो तो भार पडल्यामुळे. प्रथिनं लागतात, पण ती कोंबडीतून आली की हरभऱ्यातून, याने फारसा फरक पडत नाही. पुरेशी मात्र हवीत. राष्ट्रीय पोषण संस्था साध्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम सांगते. वजन उचलणाऱ्याला १.२ ते १.६ धरा. म्हणजे ६० किलोच्या मुलाला ७२ ते ९६ ग्रॅम.

आता आपलं ताट बघा. वाटीभर पातळ वरणात जेमतेम ५ ग्रॅम! डाळ घट्ट करा, वाट्या दोन करा. ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत २५ ग्रॅम मिळतात, मूठभर शेंगदाण्यांत ७-८, मोठा पेलाभर दुधात ८. वर उसळ, दही, पनीर आहेच. पावडरचा महागडा डबा उधारीवर आणण्याआधी हा हिशेब एकदा मांडा.

खान्देशातून आलेल्या घरांना कळण्याची भाकरी सांगायला नको. ज्वारीत लायसिन कमी असतं, उडदात ते भरपूर. दोन्ही एकत्र दळली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. आपल्या आज्यांनी हे चवीने साधलं. सुरतेत येऊन आपण पोळीवर आलो आणि ती भाकरी पाहुण्यांपुरती उरली, याचं मला वाईट वाटतं.

उपवासाचं म्हणाल, तर साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. सोमवारी भगर आणि दाण्याची आमटी करा, सोबत दही घ्या.

मुलांनो, तीन-चार आठवडे ताकद बरीचशी टिकते, मग उतरू लागते. आठवड्यातून दोनदा जरी गेलात तरी पुरे. जिम नसेल तर जोर-बैठका आहेत, पण आकडा हळूहळू वाढवा.

आणि हे फक्त मुलांचं नाही. साठीनंतर स्नायू झपाट्याने कमी होतात. ज्या वहिनींना, काकूंना हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नाही, त्यांनी तेच उठणं-बसणं रोज दहादा करावं; आधाराला कुणी जवळ असावं. "मी दिवसभर लूमवर उभा असतो" म्हणणाऱ्यांनीही करावं. उभं राहून थकवा येतो, ताकद नाही.

बारमाही शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या, ते डाळीत नसतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

विसर्जनाला वाटली डाळ होईलच. यंदा ती चमचाभर नको, वाटीभर वाढा.