धुण्याचें नवें यंत्र आणि घरची उशी

आजचा विषय ऐकून कित्येकांना हसूं येईल. आयुष्यभर खडू हातीं धरलेल्या माणसानें धुण्यावर काय बोलावें, आणि तेंही उशी धुण्यावर? परंतु गेल्या श्रावणांत याच विषयानें माझ्या घरीं एका लहान मुलाला रात्रभर जागविलें, आणि त्यांत चूक सर्वस्वी माझी होती. तशी चूक आपल्या घरीं होऊं नये, एवढ्याच हेतूनें मी आज आपल्याशीं बोलणार आहें.

माझ्या सात वर्षांच्या नातवाला दम्याचा विकार आहे. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, त्याच्या चादरी व उशीचे अभ्रे दर आठवड्यास कढत पाण्यानें धुवा आणि उशाही अधूनमधून धुवीत जा. घरीं नुकतेंच समोरून दार उघडणारें, थोडक्या पाण्यांत काम करणारें धुलाईयंत्र आलें होतें. सूनबाई माहेरीं गेली होती. मीं विचार केला, यांत काय अवघड आहे? चार उशा एकदम आंत कोंबल्या, आणि स्वच्छता अधिक व्हावी म्हणून साबणाची पूड मोजाच्या दुप्पट घातली. त्या चार उशांपैकीं एक माझ्या दिवंगत पत्नीनें आमच्याच बांधावरच्या काटेसावरीचा कापूस वेंचून भरलेली होती. नातू आजीच्या त्या उशीवरच झोपत असे.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. पुडीच्या खणांतून फेस बाहेर आला. यंत्र थांबे, पुन्हा पाणी घेई, पुन्हा थांबे. शेवटीं उशा निघाल्या, त्यांत सावरीच्या उशीचा एका बाजूस गोळा झालेला होता. बाहेर पावसाची झड लागलेली. चार दिवस पडवींत ठेवल्यावर उशा वरून कोरड्या लागल्या, म्हणून मीं त्या वापरावयास दिल्या. आठवडा गेला नाहीं तोंच एका मध्यरात्रीं मुलाला धाप लागली. पहांटे औषधानें उतार पडला. सकाळीं मीं ती उशी उसवून पाहिली, तों आंत ओल, कुबट वास आणि बुरशीचे काळे ठिपके! डॉक्टरांनीं सांगितलेला उपाय योग्यच होता. मीं तो अर्धाच केला होता.

सूनबाई परत आल्यावर एवढेंच म्हणाली, "मामाजी, यंत्राबरोबर आलेलें पुस्तक तरी वाचायचें होतें." ज्यानें चाळीस वर्षें मुलांना 'आधीं प्रश्न नीट वाचा' म्हणून सांगितलें, त्याला हें बोलणें लागलें. मग मीं तें पुस्तक वाचलें, आणखीही कांहीं वाचलें, आणि जें कळलें तें आज आपल्यापुढें मांडतों.

आमच्या विदर्भांत परटाला वरठी म्हणतात. भंडारा रोड स्थानक ज्या गांवीं आहे, त्याचेंही नांव वरठीच. पण मी बोलतों आहें तें धंद्याविषयीं. खराटा हातीं घेऊन गांवेंच्या गांवें झाडणारे संत गाडगेबाबा १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं याच समाजांत जन्मले. हा वरठी काय करी? कपडे खाराच्या पाण्यांत भिजवी, भट्टीवर त्यांना रात्रभर वाफ देई, तलावाच्या कांठीं दगडावर आपटी, भरपूर पाण्यांत खळबळून काढी आणि उन्हांत पसरी. त्याची पद्धत कोणत्याही पुस्तकांतून आलेली नव्हती. परंतु तींत शास्त्र पुरेपूर होतें.

हर्बर्ट झिनर नांवाच्या जर्मन रसायनतज्ज्ञानें १९५९ सालीं हेंच शास्त्र सूत्ररूपानें मांडलें. धुण्याचीं अंगें चार: रसायन, हालचाल, उष्णता आणि वेळ. यांपैकीं एक कमी केलें तर दुसरें वाढवावें लागतें. वरठ्याचा खार म्हणजे रसायन, आपटणें म्हणजे हालचाल, भट्टी म्हणजे उष्णता, आणि रात्रभर मुरविणें म्हणजे वेळ. यंत्रांतही हींच चार अंगें आहेत. मात्र आपल्या पद्धतींत शेवटीं येणारें ऊन यंत्रापाशीं नाहीं. तें आपल्यालाच द्यावें लागतें, आणि माझी चूक झाली ती प्रामुख्यानें तेथेंच.

आतां या यंत्राची घडण पाहूं. समोरून दार असलेलें स्वयंचलित घरगुती यंत्र अमेरिकेंत बेंडिक्स कंपनीनें १९३७ सालीं पुढें आणलें. जुन्या धर्तीच्या, मध्यें दांडा फिरणाऱ्या यंत्रांत कपडे पाण्यांत पोहत असत, आणि एका खेपेस सुमारें १०० ते १५० लिटर पाणी लागे. समोरून दाराच्या आजच्या यंत्रांत पिंप आडवें फिरतें. तळाशीं थोडें पाणी असतें. पिंप कपड्यांना वर उचलतें आणि ते पुन्हा खालीं पाण्यावर पडतात. हें पडणें म्हणजेच वरठ्याचें आपटणें होय. साधारणपणें ५० ते ६० लिटरांत सारें काम उरकतें. ज्या घरच्या बायकांनीं उन्हाळ्यांत दूरच्या विहिरीवरून पाणी वाहिलें आहे, त्यांना या फरकाचें मोल सांगावयास नको.

या घडणीवरूनच वापराचे नियम आपोआप निघतात. पहिला नियम साबणाचा. पाणी थोडें, म्हणून साबणही थोडा. फेस म्हणजे स्वच्छता, अशी आपली समजूत आहे. ती चुकीची आहे. या यंत्रांत जास्त फेस झाला तर तो गादीसारखा मध्यें येतो आणि कपड्यांचें पडणें मऊ करून टाकतो. म्हणजे हालचालीचें अंगच लंगडें होतें. शिवाय थोड्या पाण्यांत तो साबण निघत नाहीं. कपड्यांत राहतो, त्यावर मळ लवकर बसतो आणि नाजूक कातडीला खाज सुटते. म्हणून समोरून दाराच्या यंत्रासाठीं जी कमी फेसाची पूड किंवा द्रव मिळतो, तोच वापरावा, आणि पाकिटावर दिलेल्या मोजापुढें जाऊं नये. विहिरीचें किंवा बोअरचें पाणी जड असेल तर मोजापुरता साबण लागेल. पाणी हलकें असेल तर त्याहून कमी पुरेल. घरांत एक परीक्षा करून पाहावी. धुतलेले पंचे साबण न घालतां कोमट पाण्यांत यंत्रांत फिरवावे. कांचेतून फेस दिसला, तर मागचा साबण कपड्यांत राहिला आहे असें समजावें.

दुसरा नियम जागेचा. कपड्यांना वर जाऊन खालीं पडावयास जागा पाहिजे. पिंपांत कपडे भरल्यावर वर वीतभर पोकळी राहिली पाहिजे. यंत्रावर जे किलो लिहिलेले असतात, ते कोरड्या कपड्यांचे. जाड गोधडी कोरडी असतांना आंत मावली, तरी भिजल्यावर तिचें वजन कितीतरी वाढतें आणि पिंपाचा तोल जातो. तिला हौद आणि दोन माणसांचे हातच बरे.

तिसरा नियम उष्णतेचा. वीज मुख्यत्वें पाणी तापविण्यांतच खर्च होते. रोजच्या कपड्यांना थंड किंवा कोमट पाणी पुरतें. रक्ताचा डाग तर आधीं थंड पाण्यांतच धुवावा. कढत पाण्यानें तो पक्का बसतो. परंतु दमेकऱ्याच्या अंथरुणाची गोष्ट निराळी. धुळींत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे असतात. ते आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतात, त्यांना ओल मानवते, आणि त्यांच्या विष्ठेनें दमेकऱ्याला बाधा होते. थंड पाण्यानें ती घाण बरीचशी वाहून जाते, पण किडे मरत नाहींत. ते मारावयास ६० अंश सेंटिग्रेडचें पाणी लागतें. म्हणून सुती अभ्रे व चादरी तेवढ्या ६० अंशांवर धुवाव्या.

आतां उशीकडे येतों. उशी धुण्यापूर्वी तिच्या पोटांत काय आहे, तें पाहिलें पाहिजे.

काटेसावरीचा तंतू पोकळ असतो व त्यावर मेणाचा सूक्ष्म थर असतो. तो पाण्यावर तरंगतो, पण दाबून भिजविला कीं त्याचे गोळे होतात व ते पुन्हा मोकळे होत नाहींत. साधा कापूस उलट पाणी पीत सुटतो आणि आंतून लवकर वाळत नाहीं. या दोन्ही उशा यंत्रांत घालूं नयेत. त्यांना आपली जुनीच रीत योग्य: खोळ उसवून ती तेवढी धुवावी, कापूस उन्हांत पसरावा, आणि साधा कापूस असेल तर पिंजाऱ्याकडून पिंजून घेऊन पुन्हा भरावा. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज गल्लींतून आतां क्वचित् ऐकूं येतो. पण जेथें तो येत असेल तेथें त्याला परत पाठवूं नका. रबराच्या किंवा स्पंजासारख्या फोमच्या उशाही यंत्रांत घालूं नयेत. त्या पिळल्यानें फाटतात. त्यांचा अभ्रा धुवावा आणि उशी सावलींत, वाऱ्यावर ठेवावी.

यंत्रांत धुण्याजोगी उशी म्हणजे कृत्रिम तंतूची, आणि तीही तिच्या शिवणींतील पट्टीवर तशी परवानगी असेल तरच. अशा दोन सारख्या उशा एका वेळीं घालाव्या, म्हणजे पिंपाचा तोल राहतो. शिवण उसवली असेल तर आधीं टांका घालावा. नाजूक कपड्यांची चाल लावावी, साबण नेहमींच्या निम्माच घ्यावा, आणि स्वच्छ पाण्याचें खळबळणें एक वेळ अधिक द्यावें. पाणी पट्टीवर जेवढें सोसेल म्हणून लिहिलें असेल तेवढेंच गरम ठेवावें.

मग येतें वाळविणें. उशी बाजेवर उन्हांत ठेवावी, दर दोन तासांनीं उलटावी आणि दोन्ही हातांनीं थोपटून आंतील गोळे मोडावे. कडक उन्हाचे पूर्ण दोन दिवस तरी द्यावे. संध्याकाळीं घरांत आणून तास-दोन तास थंड होऊं द्यावी, मग मधोमध दाबून गालाला लावावी. आंतून गार लागली, तर ती ओली आहे. नाकाशीं धरावी, किंचितही कुबट वास आला, तर ती वापरूं नये. आपल्या भंडारा जिल्ह्यांत पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर असते, आणि वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. या उन्हाचा आपण वर्षानुवर्षें त्रास मानला. उशांच्या बाबतींत तें आपलें भाग्य आहे. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत उशा धुवाव्या. आषाढ ते भाद्रपद केवळ अभ्रे धुवावे.

यंत्राच्या स्वतःच्या स्वच्छतेविषयीं दोन शब्द. धुणें झाल्यावर दाराभोंवतालचा रबर पुसावा, पुडीचा खण कोरडा करावा आणि दार किंचित् उघडें ठेवावें. नाहींतर आंत बुरशी धरते. घरांत रांगतें मूल असेल तर मात्र त्यावर डोळा असूं द्यावा, कारण पिंपांत शिरण्याची मुलांना भारी हौस असते. महिन्यांतून एकदां रिकामें यंत्र कढत पाण्यावर चालवावें आणि खालची गाळणी काढून धुवावी. मध्यें वीज गेली तर दार ओढूं नये. वीज आल्यावर बहुतेक यंत्रें राहिलेलें काम पुढें चालूं करतात.

कांहीं वडीलधारी माणसें म्हणतात कीं, यंत्रानें बायका आळशी झाल्या. मला तें पटत नाहीं. तलावाच्या कांठीं वांकून वांकून कंबर गेलेल्या आया मीं पाहिल्या आहेत. माझी आई त्यांपैकींच एक होती. त्यांचे कष्ट यंत्रानें उचलले, तर त्यांत वाईट काय? परंतु कष्ट यंत्राला दिले, तरी लक्ष आपल्यापाशींच राहिलें पाहिजे. माझी आई वाळत घातलेली चौघडी उलटसुलट करून हातानें चाचपून पाहिल्याशिवाय कधीं घडी करीत नसे. मीं यंत्राची कळ दाबली आणि तें चाचपणें विसरलों.

त्या उशींतला कापूस टाकून द्यावा लागला. खोळ मात्र वांचली. तिच्यावर माझ्या पत्नीच्या हातचे टांके आहेत. ती मीं ६० अंशांवर धुतली, कडक उन्हांत वाळविली आणि आतां ती नातवाच्या नव्या, धुतां येण्याजोग्या उशीवर चढविली आहे. यंदाच्या वैशाखांत ती नवी उशी आम्हीं दोघांनीं मिळून धुतली. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं त्यानें ती स्वतःच्या गालाला लावली व म्हणाला, "आजोबा, अजून थोडी गार आहे." तिसऱ्या दिवशींचेंही ऊन आम्हीं तिला दिलें.

श्रोतेहो, आपणही आपल्या घरची उशी एकदां गालाला लावून पाहा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.