दोन समुद्रांच्या पाणलोटावर आपलं स्वागत



शार्क, पाकट आणि समुद्री कासवांवरची परिषद अकोल्यात कशासाठी, असं गेल्या महिनाभरात मला कितीतरी जणांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. कळसूबाईचा तालुका हा, भात-नागलीचा आणि उसाचा. स्वागताध्यक्ष म्हणून त्याचं उत्तर देणं माझ्याकडे लागतं.

आमच्या तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटघर आहे. तिथे कड्याच्या पलीकडे उतरलेलं पावसाचं पाणी कोकणातून अरबी समुद्राला मिळतं. अलीकडचं पाणी भंडारदऱ्याला साठतं, प्रवरेतून या गावाशेजारून वाहतं, प्रवरासंगमला गोदावरीत मिसळतं आणि आंध्रातून बंगालच्या उपसागरात जातं. एका तालुक्याचं पाणी दोन समुद्रांना. त्या पाण्यासोबत आमच्या शेतातली खतं, फवारणीच्या औषधांचा अंश आणि पिशव्याही जातात, हे यजमान म्हणून आधीच कबूल करतो.

हे दोन समुद्र वेगळे नाहीत, हे एका कासवाने दाखवून दिलं. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली ऑलिव्ह रिडले मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी, असा समज होता. एका लहानशा धातूच्या पट्टीने त्यावर प्रश्नचिन्ह लावलं. संशोधनाची ताकद मला यात दिसते.

शार्कची बातमी मात्र वाईट आहे. १९७० पासूनच्या पन्नास वर्षांत खुल्या महासागरातल्या शार्क आणि पाकटांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाने सांगितलं. मुख्य कारण अतिमासेमारी. शार्क उशिरा वयात येते, पिल्लं थोडी देते. बांगड्यासारखी ती लवकर भरून निघत नाही.

कायदे झाले. २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं, २०१५ मध्ये शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी आली. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती आपल्या राज्याची २०१८ ची योजना. संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्यापोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळं म्हणजे त्या घराची भाकरी. ती एकट्याने का गमवावी?

पण जीव वाचवायचा तर तो कोणत्या जातीचा हे आधी ओळखता यायला हवं. त्यावरून एक छोटी गोष्ट सांगतो. मागच्या आठवड्यात बाजारात सुक्या मासळीच्या पालाखाली थांबलो होतो. बोंबील, सुकट आणि एका टोपलीत मीठ लावून वाळवलेल्या मुशा, म्हणजे छोट्या शार्क. एक उचलली. जेमतेम वीतभर. कातडी काचकागदासारखी खरखरीत, तोंड खालच्या अंगाला, पोट आत गेलेलं. "ही कोणती?" मी मावशींना विचारलं. "मुशीच ना दादा, मुंबईहून येते," त्या म्हणाल्या. ती लहान चणीच्या जातीची वाढलेली मुशी होती की मोठ्या जातीचं पिल्लू, त्यांना सांगता आलं नाही. मलाही नाही. बरीचशी वजनं 'मुशी' किंवा 'शार्क' अशा एकाच शब्दाखाली वहीत चढत असतील, तर कोणती जात संपत चालली आहे हे कळणार कसं?

इथे आमच्या तालुक्याकडे सांगण्यासारखं काही आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी गावठी बियाणं जपलं ते वाणावाणाच्या नावानिशी. समुद्रातही अशी नावं आहेत. ती प्रयोगशाळेत नाहीत, बंदरावर मासळी निवडणाऱ्या बायांच्या तोंडी आहेत, तांडेलांच्या आठवणीत आहेत.

आमच्या प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. समुद्राच्या तळाशी दडलेले दैत्य दिसावेत म्हणून अगस्तींनी समुद्र पिऊन टाकला, अशी कथा आहे. पुढे तो पुन्हा भरला तो भगीरथाने आणलेल्या नदीच्या पाण्याने. आज दिवसरात्र तळ खरवडणारी जाळी समुद्र रिता करताहेत. तो पुन्हा भरायला वेळ द्यावा लागेल, आणि त्यासाठी तळाशी काय चाललंय हे तुमच्याकडूनच कळायचं आहे.

सभागृहाच्या दाराशी एक कोरी वही ठेवली आहे. मच्छीमार बंधू-भगिनींनो, आपापल्या बंदरावरची मुशी-पाकटांची नावं तिच्यात लिहा, लिहिता येत नसेल तर आमची मुलं लिहून घेतील. अभ्यासकांनो, निबंध वाचताना शास्त्रीय नावाबरोबर यातलं एक नाव जरूर उच्चारा. आपणा सर्वांचं अकोल्यात मनापासून स्वागत.